महासत्ता म्हणते, ‘मी हाय न्हवं!’

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. म्हणाले, "बागवान मॅडम, सध्या रोज कुठं ना कुठं पेटतंय. मोठी राष्ट्रं आपल्या मित्रांना धीर देतायत. कुणी जहाज पाठवतंय, कुणी मंत्री पाठवतंय. हे नक्की काय प्रकरण असतं, यावर आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा. पण सोपं लिहा हं." हे ‘सोपं लिहा’ ऐकलं की माझं डोकंच फिरतं. बारामतीच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, ते काय अवघड करून शिकवलं? तिरमिरीत मी हो म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की कोवळी पानं कचऱ्याच्या टोपलीत टाकून देठं पातेल्यात घातलीयत.

मला नोकरी लागली तेव्हा माझे अब्बा मार्केट यार्डात फळांचा व्यापार करायचे. ते म्हणाले, "पेरू विकला तर गिऱ्हाईक निदान पेरू घेऊन घरी जातं. तुझं गिऱ्हाईक काय घेऊन जाणार?" मी तोंड वर करून म्हटलं, "विचार!"  अब्बा बिचारे पेरूच पुसत राहिले.

तर माझं गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या गावांतून एसटीनं येणारी पोरं-पोरी. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागं एसटी अडकली की पहिला तास बोंबलायचा. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय त्यांनी आवडीनं घेतलेला नसायचा. दुसरीकडं जागा नसायची म्हणून घेतलेला असायचा. पहिली दोन वर्षं मी पुस्तकातून शिकवलं आणि पोरं डोळे उघडे ठेवून झोपली. मग मी वैतागून एक खेळ काढला.

खेळ साधा. दर वर्षी फेब्रुवारीत, सकाळी दहा ते दुपारी तीन. एक जण ‘मोठा’, म्हणजे महासत्ता. तिघं ‘छोटे’, म्हणजे त्याचे मित्रदेश. एक ‘दांडगा शेजारी’, तो छोट्यांच्या हद्दीत काड्या करणार. बाकीचा वर्ग म्हणजे जग, बघत बसणार आणि कुजबुजणार. मोठ्याकडं आरमार एकच, ते म्हणजे फळ्याचं डस्टर. छोट्यांपैकी कुणाचा धीर सुटला तर त्यानं उठायचं आणि शेजाऱ्याच्या बाकावर जाऊन बसायचं. तीन वाजेपर्यंत तिन्ही मित्र आपल्याकडं राहिले आणि मारामारी झाली नाही, तर मोठा जिंकला. खऱ्या देशांची नावं घ्यायची नाहीत, कारण नावं घेतली की आमची पोरं मोबाइलवर वाचलेलं बरळायला लागतात.

पहिल्या वर्षी मोठा झाला रणजित, सोमेश्वरनगरचा. मिशी, छाती, आवाज, सगळं महासत्तेचं. शेजाऱ्यानं पहिल्या छोट्याची वही ओढली. छोटा घाबरून रणजितकडं आला. रणजितनं त्याच्या पाठीवर थाप मारली, "तू कशाला घाबरतो? मी हाय न्हवं!" दुसरा आला, त्यालाही "मी हाय न्हवं!" जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं हे इतक्या वेळा म्हटलं की जगातल्या पोरी त्याच्याबरोबर सुरात म्हणायला लागल्या. सुट्टीनंतर बघते तर तिन्ही छोटे शेजाऱ्याच्या बाकावर बसून त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खातायत.

रणजित भडकला. "मॅडम, मी हाय म्हणलो की!"

"म्हणालास. पण तुझं गेलं काय म्हणण्यात?"

इथं सगळी मेख आहे, संपादकसाहेब. संकट आलं की मोठं राष्ट्र आधी फोन करतं. मग निवेदन काढतं, त्यात ‘अढळ’ आणि ‘कटिबद्ध’ हे शब्द असलेच पाहिजेत. मग मंत्री विमानानं जातो, हात हातात घेऊन फोटो काढतो. मग जहाज येतं, एकत्र कवायती होतात. आणि अगदी पक्कं सांगायचं असेल तर मोठा आपली माणसं नेऊन तिथं ठेवतो, म्हणजे छोट्याला मारायचं तर मोठ्याच्या माणसालाही लागणार. ही एक शिडी आहे. जितकं वर चढाल तितकं स्वतःचं काहीतरी पणाला लागतं, आणि तितका समोरचा विश्वास ठेवतो. आमच्या पोरांना हे लग्नावरून लगेच कळायचं. पुढाऱ्याचा शुभसंदेश माइकवर वाचून दाखवला ती खालची पायरी. पुढाऱ्याचा भाऊ आला, वरची. पुढारी स्वतः येऊन अक्षता टाकून गेला, आणखी वरची. आणि पुढारी पंगतीत बसून शेवटचा भात होईपर्यंत उठला नाही, तर नवरीच्या बापाकडं पुढची पाच वर्षं कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही.

आता अमोलचं ऐका. हा एका सरपंचाचा मुलगा, गोडबोल्या. तो मोठा झाला आणि दुपारपर्यंत वर्गात इतकी शांतता, की मला वाटलं हा पोरगा पुढं परराष्ट्र खात्यात जाणार. तिन्ही छोटे खुशीत. जेवणाच्या सुट्टीत तिघं कँटीनला वडापाव खायला गेले आणि तिथं एक जण दुसऱ्याला सहज म्हणाला, "काय बी होऊ दे, डस्टर माझ्याकडं येणार हाय." दुसरा म्हणाला, "व्हय? मला पण तसंच सांगितलंय." तिसऱ्याचा वडा हातातच राहिला. अमोलनं तिघांना वेगवेगळं कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "डस्टर तुझंच. पण कुणाला बोलू नको." तिघं एकदम फुटले.

मी म्हटलं, "अमोल, अरे डस्टर एकच आहे ना?"

"मॅडम, आमच्याकडं असंच चालतंय. तिकीट एक असतंय, शब्द तिघांना असतोय."

"मग पुढं काय होतं?"

"दोघं बंडखोरी करत्यात."

"आणि मग?"

"मग आमी पडतो," असं म्हणून तो स्वतःच हसायला लागला. मी त्याला दहापैकी आठ दिले. उत्तर चुकलं होतं, पण प्रामाणिक होतं.

आता ज्या खेळासाठी हा सगळा खटाटोप लिहायला घेतला, तो वर्गात झाला नाही. तो जवळच्या सणसर गावात झाला, आणि त्यात एका पोरीचं शिक्षण पणाला लागलं होतं. तिचं नाव वैशाली. तिचे वडील दत्तूतात्या शेतात भाजीपाला करायचे, बहुतेक फ्लॉवर. पोरगी बारीक चणीची, पण जीभ अशी की माझीसुद्धा पंचाईत करायची. खेळात ती छोटी होती. मोठ्यानं निवेदन वाचलं, ती म्हणाली, "ह्यात तुझं काय जाणार?" मोठ्यानं भेट दिली, ती म्हणाली, "भेटलास, बरं झालं. तुझं काय जाणार?" शेवटी तो पोरगा इतका कावला की खुर्ची, डबा, पाण्याची बाटली आणि डस्टर उचलून तिच्याच बाकाशेजारी येऊन बसला. शेजाऱ्याची हात उचलायची हिंमत होईना. पण आता बाईसाहेबांना चढला जोर. ही उठली आणि शेजाऱ्याची कंपास पेटी उचलून घेऊन आली! मोठा ओरडला, "अगं बाई, गप बस की!" धीर जास्त झाला की छोटे असे माजतात, हेही पोरांना फुकटात शिकायला मिळालं.

त्याच वर्षी मे महिन्यात वैशाली माझ्या घरी आली. पुण्याला एम.ए.साठीची प्रवेश परीक्षा ती पास झाली होती. पण घरात सगळी सत्ता वडिलांच्या थोरल्या भावाची, आबांची, आणि आबांनी रविवारी पाव्हणे बोलावले होते. "एकदा सुपारी फुटली की पुणं संपलं, मॅडम. आमचे तात्या आबांपुढं तोंड उघडत न्हाईत."

मी तिच्यापुढं चहा ठेवला आणि म्हटलं, "घाबरू नकोस गं. मी आहे ना!" लगेच तिच्या वडिलांना फोनही लावला. ते पलीकडून "व्हय मॅडम, व्हय व्हय" म्हणत राहिले. फोन ठेवून मी समाधानानं तिच्याकडं बघितलं.

ती चहाच्या कपाकडं बघत म्हणाली, "मॅडम, तुमचं काय जाणार?"

अशी चपराक मला आयुष्यात बसली नव्हती. रागही आला, घरी येऊन, माझा चहा पिऊन मलाच विचारते! पण ती गेल्यावर मला दुसरी एक पोरगी आठवली. खूप वर्षांपूर्वीची, अशीच हुशार. तिलाही मी म्हटलं होतं, मी आहे. फोन केला होता. महिन्याभरात तिचं लग्न झालं आणि मी मिक्सर घेऊन गेले. मांडवात तिनं माझ्या पाया पडताना मान वर केली नाही. मी तेव्हा स्वतःला समजावलं, आपण तरी काय करणार. खोटं सांगत नाही, ते मला अजून टोचतं.

पण हा रविवार मोठा अवघड निघाला. त्याच दिवशी अकरा वाजता कॉलेजच्या सभागृहात माझा सेवापूर्तीचा समारंभ होता. पत्रिका वाटलेल्या, बाहेरून पाहुणे बोलावलेले, माझं भाषण चार वेळा लिहून झालेलं. त्यात मी चार जणांना टोमणे मारले होते, आणि असे सुरेख जमले होते की काय सांगू! सकाळी मी अंजिरी रंगाची सिल्कची साडी नेसले, पर्समध्ये भाषण घातलं, रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, "कॉलेज ना मॅडम?" मी म्हटलं, "नाही, डेपो." का म्हटलं ते मलाही धड कळलं नाही. सणसरवरून जाणाऱ्या इंदापूरच्या गाडीत एका बाईचं कोंबडं सारखं माझ्या सिल्कच्या साडीवर येत होतं, ते तेवढं आठवतं.

सणसरला घरापुढं मांडवाखाली आबा बसले होते. पांढरी टोपी, हातात काठी, नजर अशी की काठीची गरज नसावी. "या या, मॅडम. आज काय काम काढलं?"

"काही नाही. बसायला आले."

आबा चपापले. पण शिक्षिकेला दारातून परत धाडायची रीत आमच्याकडं नाही. चहा आला. मी प्याले आणि बसले. "तुमची परतीची गाडी कितीला हाय?" आबांनी विचारलं. मी म्हटलं, "गाड्या काय, येतच असतात." दत्तूतात्या उंबऱ्याजवळ जमिनीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

पाव्हणे आले. मुलगा, आईवडील आणि एक आत्या. आत्यानं माझी सिल्कची साडी खालपासून वर न्याहाळली आणि विचारलं, "ह्या मुलीच्या कोण?" आबा म्हणाले, "बाई हायत. बसायला आल्यात." पोहे घेऊन वैशाली आली. तिनं मला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर तो कंपास पेटीचा जोर चढताना मला स्पष्ट दिसला. 

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का, बाळा?"

"येतो की," वैशाली म्हणाली. "पण मी पुण्याला शिकायला चाललीय. तुमच्या ह्यांना दोन वर्षं कोण करून घालायचं?"

आत्याचा घास अडकला. मुलगा, गरीब गाय, चक्क हसला आणि आईचा डोळा बघून गप्प झाला. आबांची काठी जमिनीवर आपटली, "वैशे! आत जा!" मी मनात म्हणत होते, अगं बाई, गप बस की. आता हे सगळं माझ्यावर शेकणार होतं.

आणि माझा फोन वाजला. मला थोडं कमी ऐकू येतं, म्हणून माझ्या फोनवर समोरचा बोलतो ते अख्ख्या अंगणाला ऐकू जातं. प्राचार्य होते. "मॅडम, हॉल गच्च भरलाय! पाहुणे येऊन अर्धा तास झाला. सत्कारमूर्तीच नाहीत म्हणजे काय? कुठं आहात तुम्ही?"

"सणसरला."

"सणसरला काय आहे?"

"बसलेय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"अहो, आज तुमची रिटायरमेंट आहे, मॅडम!"

"माहीत आहे, सर. तुम्ही जेवणं उरकून घ्या. माझं इथं अजून झालेलं नाही."

अंगणात कुणी पोहे चावेना. दत्तूतात्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचा सत्कार हाय आज?"

"होता."

"आन तुमी हितं?"

"हो."

ते उठले. धोतर झटकलं. मोठ्या भावासमोर उभे राहिले आणि खालमानेनं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, पोरगी पुण्याला जाईल." एवढंच. आणि ते पाव्हण्यांसाठी पाणी आणायला आत गेले. पाव्हणे भली माणसं होती. त्यांनी पोहे संपवले, पान घेतलं, राम राम करून गेले. आबा काठी उचलून मळ्याकडं निघून गेले.

दत्तूतात्यांनी मोटरसायकलवरून मला कॉलेजात आणून सोडलं. खुर्च्यांच्या चळती लागल्या होत्या. शिपायानं माझ्यासाठी नारळ आणि एका माणसाचं जेवण झाकून ठेवलं होतं. मी आणि दत्तूतात्यांनी ते वाटून खाल्लं. माझे टोमणे मात्र पर्समध्येच राहिले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता हा लेख इथं संपायला हरकत नव्हती. जूनमध्ये वैशाली पुण्याला गेली. मी दोन-चार जणींना माझी गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. पावसाळा उलटल्यावर एकदा दत्तूतात्यांना सहज फोन केला, तर आवाज उतरलेला. काय झालं ते सांगेनात. मी गाडी पकडून गेले. फ्लॉवरची पानं माना टाकून पडली होती. दोघा भावांची विहीर सामाईक, पण मोटरचा स्टार्टर आबांच्या खोपीत, आणि खोपीला कुलूप. आपली पाळी आबा रोज घ्यायचे, भावाच्या पाळीला मात्र कुलूप उघडायचेच नाहीत.

"पोरीला सांगू नका, मॅडम," दत्तूतात्या म्हणाले. "ती उठून यील."

मी बांधावर खाली बसले. खरं सांगते, मला स्वतःची लाज वाटली. एकतीस वर्षं मी शिडीच्या पायऱ्या शिकवल्या. मोठा येतो, बसतो, नाव होतं, आणि उठून आपल्या घरी जातो. छोट्याला शेजाऱ्याच्या बांधाला बांध लावूनच राहायचं असतं. हे माझ्या खेळात कधी आलंच नाही, कारण माझा खेळ तीनला संपायचा.

मग मी दर बुधवारी सणसरला जायला लागले. दत्तूतात्यांकडं नाही, आबांकडं. रिटायर बाईला वेळच वेळ. पहिल्या बुधवारी आबा म्हणाले, "पाण्याचं बोलायला आला असाल तर चहा घ्या आन जावा."

"पाण्याचं कोण बोलतंय? मी ‘चहा घ्या’ एवढंच ऐकलं. मला कमी ऐकू येतं."

पाच-सहा बुधवार गेले. ऊस, हवा, गुडघेदुखी, सगळ्यावर बोललो. एकदा त्यांची काठी मांडीवर आडवी होती, आणि ते एकाएकी म्हणाले, "मॅडम, तुमास्नी वाटतंय मी पोरीचा वैरी हाय. पर तिकडं तिचं काय वाकडं झालं, तर लोकं दत्तूला न्हाय इचारणार. मला इचारत्यात. थोरला मी हाय." त्यांचे डोळे भरून आले होते. इतके दिवस मी ज्यांना दांडगा शेजारी समजत होते, ते स्वतःच भ्यालेले होते. आणि त्यांना धीर द्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी म्हटलं, "आबा, उद्यापासून गावात सांगा, पोरीची जबाबदारी बागवान मॅडमवर. बरंवाईट काही झालं तर मॅडमला विचारा. माझं नाव घ्या, माझा नंबर द्या."

"लोकं तुमास्नी बोलतील."

"बोलू देत की."

आबांनी दुसऱ्या दिवशी दूध डेअरीवर उभं राहून खणखणीत आवाजात तसं जाहीर केलं. आणि मला फोन सुरू झाले! "मॅडम, तुमची पोरगी पुण्यात स्कूटीवर दिसली." "मॅडम, तुमच्या पोरीनं केस कापलेत." एकानं तर विचारलं, "मॅडम, ही तुमच्या मनाप्रमाणं वागतीय का?" मी म्हटलं, "माझ्या मनाप्रमाणं मी स्वतः वागत नाही, ती काय वागणार?" दिवसातून दोनदा मी संतापायचे. पण फोन घ्यायचा सोडला नाही.

पहिल्या सत्राचा निकाल लागला तो वैशालीनं मला मोबाइलवर पाठवला. बुधवारी मी तो आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "पास व्हय?"

"पहिल्या पाचांत आहे."

 आबांनी चष्मा काढला, काठी घेतली आणि "तुमी चहा संपवा" म्हणून मळ्याकडं गेले. मी चहा संपवला, थोडा वेळ वाट बघितली आणि गाडी धरली.

बारामतीच्या अलीकडं फोन वाजला. दत्तूतात्या होते. मागं पाण्याचा आवाज येत होता. सगळ्या गाडीला ऐकू गेलं, त्यांचं नाक ओढणं आणि मग तेवढेच शब्द.

"मॅडम, पाणी आलं."